पार्वोची शेवटची लस कधी, ते विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कुत्र्याचे पिल्लू घरी आणताना आपण जात विचारतो, रंग बघतो, नर की मादी ते विचारतो. लसीचे विचारले की समोरून "झालीय हो" असे उत्तर येते आणि विषय तिथेच मिटतो. आमची भुरी असेच उत्तर घेऊन घरी आली आणि पार्वोने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य आजाराने गेली. तिच्या कार्डावर एकच शिक्का होता, तोही सहाव्या आठवड्यातला. देणाऱ्याने फसवले असे मला म्हणायचे नाही. एक सुई टोचली की काम झाले, असे त्यांना मनापासून वाटत होते. भुरी गेल्यावर जी माणसे भेटायला आली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा समज हाच होता. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची कितीतरी वर्षे बाळांच्या लसीकरणाच्या टेबलापाशी गेली. पहिल्या डोसाला आई, बाबा, आजी असे सगळे येतात. पुढच्या डोसांसाठी मात्र आठवण करून द्यावी लागते. पिल्लांच्या बाबतीतही तेच घडते. पण पार्वोच्या लसीत नेमका शेवटचा डोसच सगळ्यात मोलाचा असतो, आणि याचे कारण प्रत्येक श्वानपालकाला ठाऊक असायला हवे.

जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पिते. आईची लस झालेली असेल, तर त्या चिकातून तिची रोगाशी लढणारी प्रतिपिंडे पिल्लाला मिळतात आणि काही आठवडे ती त्याला जपतात. पण लसीत असतो तो जिवंत, कमजोर केलेला विषाणूच. आईची प्रतिपिंडे त्यालाही शत्रू समजून गारद करतात. लस टोचली जाते, कार्डावर शिक्का बसतो, पण पिल्लाच्या अंगात काहीच रुजत नाही. ही प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात. एखाद्या पिल्लात ती आठव्या आठवड्यालाच संपलेली असतात, तर एखाद्यात चौदाव्या आठवड्यानंतरही टिकून असतात. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो. त्यात मधला एक काळ फार वाईट असतो: लसीला रुजू देणार नाहीत एवढी प्रतिपिंडे उरलेली असतात, पण खऱ्या रोगाला थोपवायला ती पुरत नाहीत.

कोणत्या पिल्लाची ही वेळ कधी येईल, ते नुसते बघून सांगता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत राहायचे आणि शेवटचा डोस वयाचे १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा, अशी पद्धत आहे. जगभरच्या पशुवैद्यांच्या 'वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन'चे मार्गदर्शनही हेच आहे. त्यानंतर सहाव्या महिन्यात किंवा वर्षाच्या आसपास आणखी एक डोस. "तीन झाले, बास" असे मोजून चालत नाही. तीन डोस बाराव्या आठवड्यातच आटोपले असतील, तर ते पिल्लू अजून असुरक्षित असू शकते. डोस किती झाले यापेक्षा शेवटचा कोणत्या वयात झाला, हे बघा.

भुरी आली तेव्हा चांगली खेळत होती. आल्या आल्या तिला डॉक्टरांना दाखवले आणि पुढच्या डोसाची तारीखही ठरली. ती तारीख उजाडलीच नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडेही. त्यामुळे ती बहुधा आजार घेऊनच आली होती. एका संध्याकाळी तिने जेवण हुंगले आणि तोंड फिरवले. मग पाण्याच्या भांड्याशी जाऊन त्याच्या काठावर हनुवटी टेकवून ती उभी राहिली. तहान तर लागलेली दिसत होती, पण जीभ पाण्याला लागेना. आधी फेसाळ पांढरी उलटी, मग पिवळी, आणि रात्रीतून रक्ताचे पातळ जुलाब. त्या जुलाबाचा वास मी विसरू शकत नाही, आणि मी आयुष्यभर रुग्णालयांत काम केले आहे. अंगातले पाणी इतके कमी झाले होते, की मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहत होती.

हा विषाणू शरीरात झपाट्याने वाढणाऱ्या पेशी गाठतो. म्हणजे आतड्याचे अस्तर आणि हाडांतला मगज. अस्तर गळून पडते, आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच वेळी घटलेल्या असतात. विषाणू मारणारे सर्रास मिळणारे औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शने, प्रतिजैविके, ऊब आणि पोटात राहील तेवढे थोडे थोडे अन्न, हेच उपचार. भुरीच्या डॉक्टरांनी यातले काहीही करायचे बाकी ठेवले नाही. तरी ती वाचली नाही. यावरून कृपा करून कोणी "उपचार करून उपयोग नसतो" असा निष्कर्ष काढू नये. वेळेवर आणि नीट उपचार मिळालेली बहुतेक पिल्ले वाचतात. उपचारांशिवाय वाचणारी फार थोडी असतात. "दात येत असतील", "जंत झाले असतील" म्हणत सकाळपर्यंत थांबू नका. जंतांमुळेही जुलाब होतात हे खरे, पण ते ठरवायचे काम शी तपासून डॉक्टरांनी करायचे. लहान पिल्लू उलट्या करते आहे आणि मलूल पडले आहे, एवढे कारण रात्री दार ठोठवायला पुरेसे आहे.

भुरी आजारी असताना ओळखीच्या एका बाईंनी आपल्या मुलाला आमच्या दारातून मागे ओढले. त्यांची काळजी मला समजली. पण कुत्र्यांचा पार्वो माणसांना होत नाही. मुलांना पुरळ येते तो पार्वो वेगळा. तो कुत्र्यांकडून येत नाही. आपल्यामुळे मात्र कुत्र्यांना धोका पोचतो, कारण चपला, हात, कपडे यांवरून आपणच हा विषाणू घरोघर नेतो. १९७८च्या सुमारास तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला, इतका तो चिवट आहे. कित्येक विषाणूंभोवती चरबीचे आवरण असते, ते साबणाने किंवा स्पिरिटने फुटते. याला ते आवरणच नाही. म्हणून हात चोळायचे सॅनिटायझर इथे कामाचे नाही, आणि सुवासिक द्रावणाने फरशी पुसून घर स्वच्छ झाले असे समजू नये. आधी घाण पूर्ण काढून जागा धुवायची. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे ताजे मिश्रण पसरून दहा मिनिटे ओले राहू द्यायचे. खिडक्या उघड्या हव्यात, आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरे कुठलेही क्लीनर मिसळायचे नाही. अंगणातली माती अशी धुता येत नाही. तिथे विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरतो. आम्हाला लगेच दुसरे पिल्लू देऊ करणारी माणसे प्रेमाने बोलत होती, पण आम्ही नाही म्हटले. या घरात आता येईल ते लसीकरण पूर्ण झालेलेच कुत्रे येईल.

याचा अर्थ पिल्लाला चार महिने कोंडून ठेवा असा नाही. त्या वयात माणसे, आवाज, इतर प्राणी यांची ओळख झाली नाही, तर ते पुढे भित्रे किंवा चिडके होते. त्याला कडेवर घेऊन फिरवा, लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी घरात खेळू द्या. अनोळखी कुत्री जिथे शी करतात त्या जमिनीवर मात्र सोडू नका. दवाखान्यातही फरशीवर न ठेवता मांडीवरच घेऊन बसा.

पशुवैद्यांना माझी विनंती आहे, की पहिल्या शिक्क्याबरोबरच १६ आठवडे पूर्ण होण्याची तारीख कार्डावर ठळक लिहून द्यावी. आणि आपल्याला, संपादक महोदय, एक मागणे आहे. पिल्ले देण्या-घेण्याच्या ज्या छोट्या जाहिराती आपण छापता, त्यांत पिल्लाची जन्मतारीख, दिलेल्या डोसांच्या तारखा आणि पुढच्या डोसाची तारीख देणे सक्तीचे करावे. जाहिरातीत एखादी ओळ वाढेल, पण घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कळेल की काम अजून बाकी आहे.

आपली,
एक वाचक
(निवृत्त परिचारिका)