छोटा हत्ती टेम्पो वळवून घेणाऱ्या भाऊंना

भाऊ,

काळू वाचला. बाकीचं नंतर, हे आधी. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं होतं, कारण ऊन लागलेल्या कुत्र्याचा ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं. मूत्रपिंडं बिघडणं, रक्त नीट न गोठणं हे पुढच्या दोन-तीन दिवसांत कधीही डोकं वर काढू शकतं. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. आता तो जेवतो, आणि दुसऱ्याच्या ताटाकडेही बघतो.

तुम्ही गाडीत बसल्या बसल्या विचारलं होतं, "एवढे दोर घेऊन इकडं काय करत होते?" तेव्हा उत्तर द्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. तर भाऊ, रामटेककडच्या उघड्या कातळावर चढायला आलो होतो. काटोल-कळमेश्वरकडे गेलं की काळा बेसाल्ट लागतो, तुमच्याकडचा दगड त्याहून कितीतरी जुना. कडक असतो, पण त्याच्या धारा वाईट. म्हणून वरच्या कडेवर दोर जिथं वाकतो तिथं पाइपचा तुकडा किंवा जाड कापड घालावंच लागतं. दोर बांधायचे आधार दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले. उजाडता सुरुवात आणि 10 च्या आत दोर गुंडाळलेले. मार्च लागला की नागपूरकडे यापेक्षा उशीर परवडत नाही.

कुत्रा सोबत असला की नियम वाढतात. दगड सुटला तर जिथं येईल त्या पट्ट्याच्या बाहेर, सावलीत, त्याला बांधायचं. गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला. आणि खाली दोर सांभाळणाऱ्याच्या कमरेला तर कधीच नाही. खारुताई दिसली की 32 किलोचा लॅब्रॅडॉर एका हिसक्यात त्या माणसाला जागेवरून हलवतो, आणि वर दुसरा माणूस त्याच दोराच्या भरवशावर असतो. हाताची पालथी बाजू दगडावर 7 सेकंद ठेववली नाही, तर त्या दगडावर कुत्र्याचे पंजे ठेवायचे नाहीत. पाणी त्याचं वेगळं, 3 लिटर. हे सगळं झालं होतं.

तरी उतरताना, शेताच्या धुऱ्यावर, तो बसला तो उठेना. कारण डॉक्टरांकडे कळलं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. खरी उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून. वय झालेल्या लॅब्रॅडॉरमध्ये कधीकधी स्वरयंत्र श्वास घेताना पुरेसं उघडत नाही. मग तो जितक्या जोरात धापा टाकतो तितका स्नायूंनी आणखी तापतो आणि हवा मात्र आत जात नाही. भुंकणं घोगरं होणं, श्वासाला घरघर येणं ही त्याची आधीची लक्षणं. लोक ती वयावर ढकलतात. कुत्र्याचं साधं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. 41 च्या वर गेलं की एकेक मिनिट महत्त्वाचं.

दोराखाली अंथरायची ताडपत्री चार कोपऱ्यांनी धरून त्याला रस्त्यापर्यंत आणला. रस्त्यावर काय झालं ते तुम्ही येण्याआधीचं आहे, म्हणून लिहितो. एक मोठी गाडी थांबली, काच चार बोटं खाली आली, "सीट खराब होईल" म्हणून वर गेली. दुसऱ्यानं मोबाइल काढला, मदतीला नाही, व्हिडिओला. तिसरा बर्फ शोधा म्हणाला. भर उन्हात, मधल्या रस्त्यावर, बर्फ! हाताशी आहे ते पाणी ओतायचं सोडून बर्फाच्या मागे धावण्यात कुत्रा जातो. एका दवाखान्यात फोन लावला तर "अपॉइंटमेंट आहे का?" चौथ्या भल्या माणसानं निदान हातपाय हलवले. कुठून तरी ओलं पोतं आणलं आणि काळूच्या अंगावर टाकलं.

तेव्हा तुम्ही आलात. कळमन्याच्या बाजारात माल टाकून घराकडे निघालेली गाडी, मागं रिकामी कॅरेट. तोंड रामटेककडे होतं. काही न विचारता वळवलीत.

"काहून उभे राह्यले? चढवा ना पोट्ट्याले वर!"

आणि चढवल्यावर पहिलं काम काय केलंत, तर ते पोतं काढून फेकलंत. डोक्याचा दुपट्टा सोडला, कॅनच्या पाण्यात बुडवला, पिळला नाही, आणि त्याच्या अंगावर नाही तर अंगाखाली अंथरला. पोट आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू त्यावर येईल असा. "वरून झाकलं त वाफ कोंडते," एवढंच म्हणालात.

भाऊ, हे अगदी बरोबर होतं. ओलं कापड अंगावर पडून राहिलं की थोड्याच वेळात तेच गरम होतं आणि आतली उष्णता धरून ठेवतं. पोटाकडे आणि जांघेत केस विरळ, रक्तवाहिन्या वर, तिथं गारवा पोचतो. वरून पाणी ओतत राहायचं आणि वारा लागू द्यायचा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. उघड्या छोट्या हत्तीत मागं बसलेल्या ओल्या कुत्र्याला तो वारा सगळ्या रस्त्याभर मिळाला. मध्ये हापशीवर गाडी थांबवून कॅन पुन्हा भरलात. तोंडात पाणी ओतायला निघालेल्याचा हात धरलात, कारण गुंगीतल्या जनावराच्या ते श्वासनळीत जातं. बैलांकडून शिकलात म्हणालात. डॉक्टरांनी ताप मोजला तेव्हा तो उतरणीला लागलेला होता. निम्मं काम गाडीतच झालं होतं.

त्या सगळ्यात आमच्या मनातून जात नाही तो दुपट्टाच. नागपुरात मार्चच्या दुपारी डोक्याचा दुपट्टा कोणी सहज काढत नाही. तुम्ही उघड्या डोक्यानं तेवढं अंतर गाडी चालवलीत, तेही अनोळखी पोरांच्या कुत्र्यासाठी.

आपल्याकडे दुकानासमोर रांजण भरून ठेवणारे, गच्चीवर पाखरांसाठी मातीचं भांडं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि काच वर करणारेही त्याच गावात राहतात. शिक्षणाचा, गाडीच्या किमतीचा यात काही संबंध दिसत नाही. असलाच तर उलटा दिसतो, पण तो राग आहे, तेवढा सोडून द्या.

एक आणखी. तुमच्या हौद्यात फवारणीचा पंप होता. आमचे दोर त्याच्याजवळ ठेवताना पाहून तुम्ही ते उचलून केबिनमध्ये टाकलेत, "औषध सांडलं असन" म्हणून. चढाईच्या नायलॉनच्या दोरावर तेजाब किंवा रसायन सांडलं तर वरून काही दिसत नाही, आत ताकद गेलेली असते. हे चढाई करणाऱ्यांनासुद्धा दहादा सांगावं लागतं.

काळूला आता उन्हाळाभर बाहेर नेणार नाही. गळ्यात पट्टाही नाही, फक्त हार्नेस. चालणं पहाटे, घराजवळ.

तुमचा नंबर घ्यायचा राहिला. हे कोणी तुम्हाला वाचून दाखवलं तर निरोप पाठवा. दुपट्टा धुऊन ठेवलाय. आणि डिझेलचे पैसे तुम्ही एकाच बाजूचे घेतलेत. परत जायला गाडी पाण्यावर चालली नसेल.

काळूची मंडळी,
नागपूर