पाणंदीलगतच्या जागेबद्दल

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "मालकानं जागा दुसऱ्याला विकली, त्याचं खरेदीखत झालं, आता कशाला कोर्टकचेरी." त्या आवाजानं रात्रभर झोप लागली नाही. बाबा, विसार परत घेऊ नका. मालकानं पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

आपलं साठेखत, म्हणजे जागा विकण्याचा करार, आधीचं आहे, नोंदवलेलं आहे. साठेखतानं मालकी मिळत नाही हे खरं, पण मालकानं जागा पुन्हा विकली म्हणून आपला करार मरत नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या १९व्या कलमानुसार तो नंतरच्या खरेदीदारावरही बजावता येतो.

आई, तू विचारलंस, त्यानंही पैसे मोजलेच ना? मोजले असतील. पण तेवढ्यानं तो सुटत नाही. आपला करार माहीत नव्हता आणि व्यवहार प्रामाणिकपणे केला, हे त्यानं दाखवायला हवं. ते तो कसं दाखवणार? ताबा आपला. बाबांनी भर पावसात ओढलेली कुंपणाची तार, केशर आंब्याची बारा कलमं, प्रत्येक कलमाला तुझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली काठी. जागा बघायला आलेल्या माणसानं हे कुणाचं म्हणून विचारायला नको? प्रत्यक्ष ताबा कुणाचा आहे, हे खरेदीदाराला ठाऊक होतं असंच कायदा धरून चालतो.

दावा दोघांवर लावायचा. १९५३ साली लाला दुर्गाप्रसाद खटल्यात सुप्रीम कोर्टानं हीच रीत घालून दिली: आपल्या खरेदीखतावर मालकाबरोबर नव्या खरेदीदारानंही सही करायची. सातबाऱ्याला घाबरू नका, फेरफारानं मालकी ठरत नाही. तरी तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या.

उरलेल्या रकमेची एफडी मोडू नका. आपण पैसे द्यायला कायम तयार होतो, हे कोर्टात पासबुकच सांगेल. साठेखतात खरेदीची तारीख लिहिली आहे, तिच्यापासून तीन वर्षांच्या आत दावा हवा. म्हणून घाई करते आहे. दावा लागला की त्याची नोटीसही दुय्यम निबंधकाकडे नोंदवू, म्हणजे जागा तिसऱ्याच्या गळ्यात मारली, तरी कोर्टाचा निकाल त्यालाही बांधील राहील.

शनिवारी पहिल्या गाडीनं येते, वकिलांकडे बरोबर जाऊ. मूळ साठेखत आणि विसाराच्या पावत्या काढून ठेवा. आणि बाबा, कलमांना पाणी घालायला रोज जात जा.

तुमची लाडकी,
ताई