आधी माती, मग बियाणे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वसंत लागला की परसबागेवरचे लेखन वाढते, पण त्यात भर असतो बियाण्यांच्या जातींवर. नव्या माणसाची बाग फसते ती बहुधा घाईत तयार केलेल्या मातीमुळे. याकडे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

कुदळ उचलण्याआधी वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी कोरडी झाली आहे का, ते पाहावे. मूठभर माती घट्ट दाबून कमरेच्या उंचीवरून खाली सोडावी. गोळा फुटून भुगा झाला तर जमीन तयार आहे. तो तसाच चिकट राहिला तर आणखी काही दिवस थांबावे. ओली माती खणली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बुजतात आणि वाळल्यावर अशी टणक ढेकळे होतात की हंगामभर सुटत नाहीत. बागेचे एवढे नुकसान दुसरी कोणतीही चूक करत नाही.

जागा निदान 6 तास उन्हाची हवी. वाफा 1.2 मीटरपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. माती 20-25 सेंटिमीटर भुसभुशीत करून कुजलेल्या खताचा 5 सेंटिमीटर थर द्यावा; चौरस मीटरला साधारण 50 लिटर लागते. खत काळपट, सुटे आणि मातीसारख्या वासाचे असावे. ताज्या शेणातला अमोनिया कोवळी मुळे जाळतो. कच्चा भुसा मातीत मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. पालक, मुळा, वाटाणा गारव्यातही उगवतात. घेवडा आणि काकडी मात्र मातीचे तापमान 16 अंशांच्या वर गेल्यावरच, नाहीतर बी कुजते. मुळा-गाजराची रोपे उपटून लावू नयेत, मुळांना फाटे फुटतात. उगवल्यावर विरळणी हवीच. गाजरात 5 सेंटिमीटर अंतर ठेवावे. निरोगी रोप उपटायला जीव होत नाही हे खरे, पण दाटीत एकही गाजर पोसत नाही.

टोमॅटोची रोपे आठवडाभर थोडी थोडी उन्हा-वाऱ्याची सवय लावून, रात्री 10 अंशांच्या वर राहू लागल्या की संध्याकाळी लावावीत. खालची पाने काढून खोड खोल पुरावे, त्यालाही मुळे फुटतात.

रोज शिंपडलेले पाणी वरच्या थरातच राहते आणि मुळेही तिथेच घुटमळतात. पाऊस नसेल तर आठवड्याला चौरस मीटरमागे 25 लिटर पाणी दोन-तीन वेळांत विभागून, बुंध्याशी द्यावे. उगवते बी आणि नुकती लावलेली रोपे तेवढी रोज ओली ठेवावीत. टोमॅटोचे टोक काळे पडून सडू लागले की लोक औषध फवारतात, पण तो बुरशीचा रोग नव्हे. पाण्यात खंड पडला की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. अशा वेळी बुंध्याभोवती 5 सेंटिमीटर वाळल्या गवताचे आच्छादन करून ओल एकसारखी ठेवावी. पुढची फळे चांगली येतात.

आपला,
एक नियमित वाचक