भाषण नको, मंगळवारचा तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालगुन्हेगारी रोखण्यासाठी शाळाशाळांतून पोलिसांची व्याख्याने होणार, ही कालची बातमी वाचली. जरूर होऊ द्यात. शाल, श्रीफळ आणि फोटो एवढे तरी नक्की पार पडेल. पण चारशे मुले उन्हात बसवून ‘नशा करू नका’ सांगितल्याने कोणाची पानाच्या गुमटीवरची उधारी बंद झालेली नाही.

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात याची सोय आधीच आहे. शाळेमागे दोन प्रशिक्षित शिक्षक, शक्यतो एक बाई व एक सर. अकरा विषय, त्यात व्यसन, हिंसा, मोबाइलचा सुरक्षित वापर सगळे आले. आणि त्यासाठी मंगळवारचा तास. तो तास ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून गणिताचे सर घेऊन टाकतात.

मुलांनी नाव न घालता शंका टाकायच्या त्या प्रश्नपेटीचे हाल तर विचारू नका. वास्तविक पद्धत सोपी. सर्वांना एकाच मापाचे कागद, सारख्याच पेन्सिली. प्रश्न नसेल त्यानेही ‘आज प्रश्न नाही’ लिहून चिठ्ठी टाकायचीच, नाहीतर लिहिणारा उघडा पडतो. किल्ली त्या दोघा शिक्षकांकडेच. उत्तरे पुढच्या तासाला, सगळ्या वर्गासमोर. शिवराळ भाषेतला प्रश्नसुद्धा नीट शब्दांत मांडून घ्यायचा, फाडायचा नाही. आणि पहिल्याच दिवशी सांगायचे की लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर ती पोटात ठेवता येणार नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे ती कळवावीच लागते.

प्रत्यक्षात किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. वर्गशिक्षक अक्षर ओळखतात आणि ‘पंक्चरचे सोल्युशन हुंगले तर काय होते?’ विचारणाऱ्याच्या वडिलांना बोलावणे जाते. पुढच्या मंगळवारी पेटी रिकामी, अहवालात मात्र ‘विद्यार्थ्यांना शंका नाहीत’! मग उत्तर कोण देणार? गल्लीतला मोठा भैया देतोच, ट्यूबसकट.

नकाराचाही सराव लागतो. सामूहिक शपथेने तो येत नाही. जोड्या लावा, एकाने गळ घालायची, दुसऱ्याने निसटायचे, मग अदलाबदल. गळ घालणाऱ्याला ‘फट्टू है क्या’ म्हणू द्या, कारण बाहेर तेच ऐकावे लागते. ‘मित्रा, धूम्रपान करतोस का?’ असले छापील वाक्य दिले की वर्ग हसतो आणि तास वाया जातो.

जाता जाता आणखी एक. त्याच बातमीत ताब्यातल्या मुलाचे नाव आपण गाळलेत, पण शाळा, मोहल्ला आणि वडिलांचे दुकान छापलेत. केवढी ही सावधगिरी! बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ : नावाप्रमाणेच पत्ता, शाळा, ओळख पटेल असे काहीही छापायला मनाई, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या वार्ताहरांसाठीही एखादा मंगळवार ठेवावा. तोवर ई-पेपरमधून तेवढ्या ओळी आजच काढाव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर