वस्तरा मिटण्याआधी पुसा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हल्ली तरुण मुलं हौसेनं वस्तरा घेतात आणि महिन्याभरात 'गंजला हो काका' म्हणत दुकानात येतात. ४० वर्षं मी हेच काम केलं, आता मुलगा बघतो. पण अशा वेळी मलाच हाक मारतो.

गेल्या रविवारी आलेला वस्तरा वरून चकचकीत होता. मुठीतल्या खिळ्यापाशी मात्र साबणाचा पांढरा थर, आणि नखानं तो खरवडला तर खाली तांबूस डाग. दाढी करताना पातं नळाखाली धरायचं आणि ओलंच मिटायचं, दुसरं काय होणार? त्यातून तोटीला धार लागली की खांडा पडलाच.

माझे वडील डाव्या हातावर जुन्या धोतराचा तुकडा टाकून फेस त्यावर पुसत. पात्याची पाठ, म्हणजे बोथट कड, पुढे; धार मागे. धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्यावरही तसंच, आणि उलटवायचं तेही पाठीवरूनच. लहानपणी मी धारेवरून उलटवला, पट्टा चिरला आणि पाठीत धपाटा बसला.

दाढी झाली की पातं पुसून तासभर उघडं ठेवावं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

हे सगळं घरच्या, एकट्याच्या वस्तऱ्याचं. दुकानात दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेडच हवं, आणि ते आपल्यासमोर बदलायला सांगताना लाजू नये. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर ७ दिवस तग धरतो; फडक्यानं पुसून तो जात नाही.

आपला,
एक जुना कारागीर, वाई