बिल भरलेल्या ग्राहकाला चोर ठरवून कोंडून ठेवल्याबाबत तक्रार

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५
नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक व ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : १२ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या नाशिक शाखेत मला बेकायदा अडवून, मागच्या खोलीत बसवून दंड मागितल्याबद्दल

महोदय / महोदया,

ही तक्रार मी दुसऱ्याच दिवशी सकाळी आपल्या टोल-फ्री नंबरवर नोंदवली होती. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' कोणी केलं, काय केलं, हे मला तरी कळलेलं नाही. म्हणून आता लेखी, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने.

मी घरून डबे देते. थंडी सुरू झाली की डिंकाच्या लाडवांच्या ऑर्डरी येतात, त्यामुळे या महिन्यात खरेदी जास्त. बुधवारी, १२ तारखेला मी आपल्या शाखेतून किराणा घेतला. त्यात बदामाची अर्ध्या किलोची दोन पाकिटं होती, प्रत्येकी ४८० रुपयांची. एकूण बिल २,९१६ रुपये, यूपीआयने भरलं, बिलावर वेळ ७ वाजून १२ मिनिटं. पिशव्या घेऊन दारापर्यंत आले आणि दारातलं मशीन वाजलं.

ते का वाजलं हे आता मला आपल्या लोकांपेक्षा नीट ठाऊक आहे. महागाच्या पाकिटांना चौकोनी स्टिकर लावलेलं असतं. काउंटरवर पाकीट स्कॅन केलं की ते त्या काळ्या पॅडवरून फिरवायचं, म्हणजे स्टिकर निकामी होतं. रांग मोठी होती. कॅशियर मुलीने एक पाकीट स्कॅन केलं, २ चं बटण दाबलं आणि दुसरं पाकीट सरळ पिशवीत टाकलं. पैसे दोन्हींचे घेतले, स्टिकर मात्र एकाचंच निकामी झालं. दारावरच्या गार्डने बिल हातात घेऊन बदामाची ओळ शोधली. ओळ एक, पाकिटं दोन! त्याच ओळीत पुढे संख्येच्या रकान्यात २.००० छापलं होतं. त्यावर मी बोट ठेवून दाखवलं. 'ओ मॅडम, ते वजन आहे' असं उत्तर आलं. अर्ध्या किलोच्या पाकिटाचं वजन दोन किलो कसं भरेल, हा प्रश्न त्याला पडला नाही, आणि मी विचारला तेव्हा त्याने वॉकीटॉकीवर दुसऱ्या गार्डला बोलावलं.

ते मशीन चोर ओळखत नाही, चालू राहिलेलं स्टिकर ओळखतं. दुसऱ्या एखाद्या दुकानातून रीतसर विकत घेतलेल्या कपड्याच्या आत असा टॅग शिवलेला राहिला, तरी ते वाजू शकतं. हे आपण आपल्या गार्डना शिकवत नसाल तर ती चूक आपली. शिकवत असाल, तर पुढचं सगळं जाणूनबुजून झालं असं मला म्हणावं लागेल.

दोघांनी मला मागे नेलं. हाताला धरलं नाही हे खरं, पण एक पुढे, एक मागे आणि पिशव्या त्यांच्या ताब्यात, म्हणजे 'स्वखुशीने आल्या' असं आपल्या अहवालात लिहिलं असेल तर ते खोडावं. मोडक्या ट्रॉल्या आणि फुटलेल्या तेलाच्या पाऊचांचे खोके ठेवायची ती खोली. मला एका स्टुलावर बसवलं, दार लावून घेतलं आणि एक गार्ड दारालाच उभा राहिला. पर्स पुरुष गार्डने टेबलावर उपडी केली : बीपीच्या गोळ्यांची पट्टी, किल्ल्या, डब्यांच्या हिशोबाची वही. वही त्याने उघडून चाळली, का ते देव जाणे. मग एका मुलीला बोलावून पदराखाली काही आहे का ते चाचपून बघायला सांगितलं. ती बिचारी माझ्याकडे न बघता चाचपत होती. त्या वेळी दोन्ही गार्ड खोलीतच होते. मोबाइल माझ्याकडून घेऊन टेबलावर पालथा ठेवला. रात्रीचे डबे पोहोचवणारा मुलगा फोन करत होता, तो वाजत राहिला, मला उचलू दिला नाही.

समोरच्या भिंतीवर लोकांचे फोटो चिकटवलेले होते, खाली मार्करने 'चोर' आणि तारीख. त्यात एक शाळकरी पोरगाही होता. माझाही फोटो काढला, गार्डच्या स्वतःच्या मोबाइलवर.

मग पैशांची बोलणी. आपल्या शाखेच्या दारातच पाटी आहे : 'चोरी करताना आढळल्यास वस्तूच्या किमतीच्या दहापट दंड आकारला जाईल.' त्याप्रमाणे ४,८०० रुपये आणि माफीनाम्यावर सही मागितली. मी नाही म्हटलं. थोड्या वेळाने २,४०० झाले. शेवटी, 'हजार द्या आणि सही करून जा, आम्हालाही घरी जायचंय.' दंड खरा असता तर त्याचा आकडा असा उतरत गेला नसता. पावतीचं विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

खोलीत नेल्या नेल्या मी एकच गोष्ट मागितली होती : ११२ ला फोन लावा, पोलिसांना बोलवा. चोरी पकडली म्हणता ना, मग बोलवा. त्यावर ऐकवलं गेलं, 'पोलिसांत गेलं तर तुमचंच नाव खराब होईल, आम्ही आपसात मिटवतोय.' महोदय, या पत्रातलं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाक्य वाचा. चोर सापडला असं ज्यांना खरोखर वाटतं, ते पोलिसांना टाळत नाहीत. पोलीस आले असते तर आधी बिल पाहिलं असतं आणि नंतर आपल्या लोकांना विचारलं असतं की या बाईंना इथे कुणाच्या अधिकारात बसवलंय.

पावणेनऊच्या सुमारास शिफ्ट मॅनेजर आले. त्यांनी बिलाचा नंबर संगणकावर टाकला, संख्या २ पाहिली आणि प्रकरण दोन मिनिटांत मिटलं. म्हणजे हे ७ वाजून १५ मिनिटांनीही करता आलं असतं. 'मिसअंडरस्टँडिंग झालं' म्हणत त्यांनी ५०० रुपयांचं गिफ्ट व्हाउचर पुढे केलं. ते मी टेबलावरच ठेवलं. आजही ते तिथेच असेल.

माझ्याकडे डबा घेणारे एक वकील आहेत. त्यांनी मला कलमं दाखवली, मग ती मी स्वतः वाचली. दुकानाच्या गार्डला कितीही रुबाबदार गणवेश दिला तरी माणसाला पकडण्याचा त्याचा अधिकार माझ्याएवढाच, कुठल्याही सामान्य माणसाएवढा. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. पकडायचा माणूस उद्घोषित गुन्हेगार (न्यायालयाने फरार म्हणून जाहीर केलेला) नसेल, तर गुन्हा पकडणाऱ्याच्या समोर घडलेला हवा, तो दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र हवा आणि पकडलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायला हवं. सहा तास ही वरची मर्यादा आहे, तेवढा वेळ डांबून ठेवायची सवलत नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण आपल्या कायदा विभागाकडून तसं उत्तर येऊ शकतं. इथे गुन्हाच घडला नव्हता, तर समोर काय घडणार? आणि हवाली करणं तर दूरच, मी मागितलेला फोनसुद्धा लावला नाही.

अजून एक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे, आणि अशी चोरी अदखलपात्र व जामीनपात्र धरली आहे. म्हणजे मी ते ४८० रुपयांचं पाकीट खरोखर चोरलं असतं, तरी दहापट दंड कुठल्याच कायद्यात बसत नाही. शिक्षा न्यायालय देतं, दुकान नाही. आणि सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर पोलिसांनाही अपवादात्मक कारण लागतं, महिला पोलीस अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. पोलिसांवर एवढी बंधनं असताना आपल्या गार्डवर एकही नाही, असं आपल्याला वाटतं का?

आपल्या शाखेत जे घडलं त्याला मात्र कलमं आहेत. बेकायदा कोंडून ठेवणं हे न्याय संहितेचं कलम १२७, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाट अडवणं हे कलम १२६. बदनामीचा धाक घालून पैसे मागणं कलम ३०८ मध्ये येतं आणि भिंतीवर 'चोर' लिहून फोटो लावणं कलम ३५६ मध्ये. पोलीस ठाण्यात मी अर्ज देत आहे. तो या पत्राच्या उत्तरावर अवलंबून नाही.

'गार्ड आमचे नाहीत, एजन्सीचे आहेत' हे उत्तर आपण पाठवू नये. मी एजन्सीच्या दुकानात गेले नव्हते. खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. केंद्राच्या आदर्श नियमांत गार्डसाठी किमान १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सांगितलं आहे. पोलीस ठाण्यात खबर कशी नोंदवायची हेही त्या अभ्यासक्रमात आहे. त्या दोघांपैकी कुणाला ते शिकवल्याचं दिसलं नाही. एजन्सीचं नाव, परवाना क्रमांक आणि या दोघांच्या प्रशिक्षणाचे दाखले मला हवे आहेत. पण ते हातात आल्यावर त्या दोन पोरांना कामावरून काढून 'कारवाई केली' असं मला कळवू नका. कॅशियर मुलीलाही नाही. दहापट दंडाची पाटी त्यांनी रंगवलेली नाही आणि ती खोलीही त्यांनी बांधलेली नाही.

माझं नुकसान काय, तर त्या रात्री एकोणीस डबे उशिरा गेले आणि दोन घरांनी दुसऱ्या दिवसापासून डबा बंद केला. त्यापेक्षा मोठं हे, की दारात मला अडवलं तेव्हा रांगेत आमच्याच कॉलनीतल्या बायका होत्या. स्वयंपाकाच्या धंद्यात माणसं चव नंतर बघतात, आधी हात बघतात. कॉलनीत 'त्यांना पकडलं होतं म्हणे' एवढंच पोहोचलं. सोडलं, बिल बरोबर होतं, हे सांगायला आपल्याकडून कोणी आलं नाही.

म्हणून मला हवं ते असं. १२ तारखेचं ७ ते ९ या वेळेतलं कॅश काउंटर, दार आणि मागच्या मार्गिकेचं सीसीटीव्ही चित्रण आजच्या आज वेगळं काढून ठेवा. त्यावर नवं चित्रण चढू देऊ नका. न्यायालयात ते दाखवायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेही तयार ठेवा. हे पत्र मिळाल्यानंतर चित्रण 'आपोआप पुसलं गेलं' असं सांगितलंत तर ते मुद्दाम पुसलं असंच मी धरेन. माझा फोटो गार्डच्या मोबाइलमधून, त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून आणि भिंतीवर लागला असेल तर तिथून काढल्याचं लेखी द्या. बाकीचे फोटोही उतरवा, त्या शाळकरी मुलाचा सर्वांत आधी. दहापट दंडाची पाटी सगळ्या शाखांतून काढा. कंपनीच्या लेटरहेडवर मराठीत माफी मागा, आणि जिथे ती पाटी लावली होती तिथे त्या माफीची प्रत पंधरा दिवस लावून ठेवा, म्हणजे कॉलनीतल्या बायकांना वाचता येईल.

आणि दीड लाख रुपये भरपाई. हा आकडा मी मनाने काढलेला नाही. केरळात अत्तिंगलला २०२१ मध्ये पोलिसांनी आठ वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या वडिलांवर भररस्त्यात मोबाइल चोरल्याचा आळ घेतला आणि तो मोबाइल पोलिसांच्याच गाडीत सापडला. त्या मुलीला दीड लाख रुपये भरपाई आणि खर्चाचे पंचवीस हजार द्यावेत, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिला. तिथे समोर सरकार होतं, इथे नफा कमावणारी कंपनी आहे. खर्चाचे पंचवीस हजार मी सध्या मागत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करेन. माझ्या बिलाएवढ्या रकमेला तिथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दिवाणी दाव्याला एक वर्षाची मुदत, तीही वकिलांनी वहीत लिहून दिली आहे. 'बदाम धंद्यासाठी घेतले, म्हणजे त्या ग्राहकच नाहीत' हा बचाव सुचला असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम २(७) चं स्पष्टीकरण बघा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी हेतूत मोजत नाहीत. माझी कंपनी नाही, दोन शेगड्या आणि एक मदतनीस आहे.

उत्तर फोनवर नको, पत्रानेच पाठवावं. फोन दुपारी चारपर्यंत उचलता येत नाही.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)
नाव, पत्ता व सदस्य कार्ड क्रमांक पाकिटावर

सोबत : बिलाची प्रत (बदामाच्या ओळीतील संख्या पेनने गोल केली आहे), यूपीआय व्यवहाराची नोंद, दारातल्या पाटीचा १३ तारखेला काढलेला फोटो, टोल-फ्री तक्रारीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट