सूचना: कोडमधले पासवर्ड शुक्रवारी हलवणार

बॅकएंड ग्रुपमधल्या सर्वांसाठी,

येत्या शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता मोठ्या मीटिंग रूममध्ये बसून डेटाबेस आणि पेमेंट गेटवेचे पासवर्ड कॉन्फिग फाइलमधून काढायचे आहेत. ते सॉप्सने (फाइलमधली गुपितं एन्क्रिप्ट करणारं टूल) एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या यामल फाइलमध्ये (नाव आणि त्याची व्हॅल्यू लिहिलेली टेक्स्ट फाइल) जातील. घरून काम करणाऱ्यांना कॉलची लिंक मिळेल.

सॉप्स फक्त पासवर्डची व्हॅल्यू एन्क्रिप्ट करतं, समोरचं नाव वाचता येतं. म्हणजे रिव्ह्यू करताना कुठला पासवर्ड बदलला हे कळतं, काय बदलला हे नाही.

येण्याआधी:

- एज (age, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवणारं टूल) वापरून आपली की, म्हणजे किल्ल्यांची जोडी तयार करा आणि गुरुवारपर्यंत फक्त पब्लिक की (एन्क्रिप्ट करणारी) मला पाठवा. प्रायव्हेट की (डिक्रिप्ट करणारी) लॅपटॉपबाहेर जाणार नाही, टीम लीडने मागितली तरी.
- उघड्या ब्रँच (मुख्य कोडमध्ये अजून न मिसळलेलं काम) मर्ज करून घ्या.

डिक्रिप्ट केलेली फाइल डिस्कवर ठेवू नका. अ‍ॅप सुरू करताना सॉप्स पासवर्ड थेट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (चालू अ‍ॅपला बाहेरून मिळणारी व्हॅल्यू) देतं, तेच वापरा. आणि हो, बेस64 (डेटा ठरावीक 64 अक्षरांत लिहायची पद्धत) म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. तो कुणीही उलगडतो.

कोडमधली ओळ खोडली तरी जुने पासवर्ड गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल) हिस्टरीत राहतात, त्यामुळे ते सगळे त्याच दिवशी बदलू. प्रोडक्शनचा अ‍ॅक्सेस असलेल्यांनी शुक्रवारी सुट्टी घेऊ नये.